पोप मनोरुग्णालयातही गेले होते: नागपूरच्या मराठी संपादकांना खुले पत्र

नागपुरातून निघणाऱ्या मराठी दैनिकांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरची. वडील अजनीला रेल्वेत होते, माझी शाळा सदर या भागात झाली आणि नोकरीची 27 वर्षं मी मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून काढली. ऑटोवाल्याला आजही ‘पागलखाना चौक’ म्हटल्याशिवाय ती जागा कळत नाही, म्हणून नाइलाजानं मीही तसंच सांगत आले. धर्मानं कॅथलिक, घरातली भाषा मराठी. सकाळी चहाबरोबर मराठी पेपर वाचायचा हा वडिलांचा नेम मी अजून मोडलेला नाही. आज तक्रार घेऊन आले आहे ती अशी रोजची वाचक म्हणून. ती एकाच पेपरबद्दल नाही, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. ज्यांनी ते छापलं, दाखवलं, त्यांना ते आठवेल.

पोप लिओ चौदावे 27 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर 2025 या काळात तुर्कस्तान आणि लेबनॉनला जाऊन आले. पोप झाल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच परदेश दौरा. तुर्कस्तानातल्या इझनिकला, म्हणजे जुन्या नायसियाला, इ. स. 325 मध्ये ख्रिस्तसभेची पहिली विश्वपरिषद भरली होती. तिला यंदा 1700 वर्षं झाली, हे या दौऱ्याचं मुख्य निमित्त. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आम्ही उभं राहून जो विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणतो, त्याची पाळंमुळं त्या गावात आहेत. तिथल्या तळ्याकाठी एका प्राचीन बासिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, अवशेषांजवळ पोप लिओ आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी एकत्र प्रार्थना केली. हजार वर्षांपूर्वी फाटलेल्या दोन घरांची वडीलधारी माणसं एका जागी उभी राहिली. आमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

रविवारी 30 तारखेला सकाळी पेपर उघडला. नाताळच्या आधीचा आमचा आगमनकाळ त्याच दिवशी सुरू होत होता. आतल्या पानावर मथळा होता: पोपनी मशिदीत प्रार्थना करण्यास नकार दिला. सहा दिवसांच्या दौऱ्यातली एवढीच बातमी माझ्या गावात माझ्या भाषेत पोचली. एका वाहिनीनं तर दिवसभर तेच वाक्य लाल पट्टीवर फिरवलं.

घडलं होतं ते असं. शनिवारी 29 तारखेला पोप इस्तंबूलच्या सुलतान अहमद मशिदीत गेले. हीच ती प्रसिद्ध निळी मशीद. त्यांनी बाहेर बूट काढले, आत फिरले, सोबत आलेल्यांचं ऐकलं. मशिदीत अजान देणाऱ्या मुअझ्झिनांनी त्यांना हवं असल्यास इथे प्रार्थना करा असं सुचवलं, तेव्हा त्यांनी सौम्यपणे ‘असू द्या’ अशा अर्थाचं उत्तर दिलं. हे मुअझ्झिनांनीच पत्रकारांना सांगितलं. पोपनी ही भेट मौनात, त्या जागेविषयी आणि तिथे प्रार्थना करणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी आदर बाळगून घेतली, असं व्हॅटिकननं कळवलं. आधीचे दोन पोप, बेनेडिक्ट 2006 मध्ये आणि फ्रान्सिस 2014 मध्ये, त्याच मशिदीत क्षणभर स्तब्ध उभे राहून प्रार्थना करून आले होते. त्यामुळे या वेळी काय होतं याकडे जगाचं लक्ष होतं, आणि ती बातमी होती हे मला मान्य आहे. व्हॅटिकनच्या माध्यम कार्यालयाचीही त्या दिवशी चूक झाली. प्रार्थना झाली असं निवेदन आधी बाहेर पडलं आणि मग ते चुकून गेल्याचं सांगावं लागलं. सगळा दोष तुमच्या माथी मारायचा नाही.

पण ‘नकार दिला’ हे शब्द मथळ्यात बसवताना ते नागपुरात कुठे कुठे जाऊन पडतील, याचा विचार कुणी केला होता का? ते कुठे पडले ते मी सांगते.

त्याच दिवशी मिस्सेहून परतताना आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ फाटकाशी भेटले. चांगला माणूस, सुखदुःखाला धावून येणारा. म्हणाले, “सिस्टर, तुमच्या पोपनं बरोबर केलं. दाखवून दिलं त्यांना.” अभिनंदन केल्यासारखं बोलले. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्याच चर्चच्या, एका तरुणाचा निरोप फोनवर आला. तीच बातमी पुढे ढकललेली आणि खाली रागानं विचारलेलं, पोप मुळात मशिदीत गेलेच कशाला? आणि रात्री फोन आला आपांचा. आपा मोमीनपुऱ्यात राहतात. आम्ही दोघींनी एका वॉर्डात बारा वर्षं रात्रपाळ्या केल्या, एका डब्यातलं खाल्लं. त्या रागावल्या नव्हत्या. हळूच म्हणाल्या, “तुमच्या पोपना आमच्या इथे उभं राहायला जड गेलं का हो?”

पहिल्या दोघांना उत्तर देता आलं असतं. आपांना काय सांगायचं ते मला सुचेना, कारण त्यांच्या हातात जो पेपर होता तोच माझ्याही हातात होता.

मग मी त्यांना ताजबागेची, आपल्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याची, आठवण करून दिली. ताजुद्दीन बाबांना 1892 मध्ये नागपूरच्या पागलखान्यात ठेवलं होतं आणि 1908 मध्ये रघुजीराव भोसले यांनी त्यांना तिथून सोडवून आणलं, हे नागपूरकराला सांगायला नको. आमच्या रुग्णांचे नातेवाईक, मग ते कुठल्याही जातीधर्माचे असोत, आधी ताजबागेत जाऊन येत आणि मग आमच्या दारात. रुग्णाच्या मनगटावर तिथला धागा असे. तो कापू नका, अंघोळीच्या वेळी जपा, असं मी नव्या मुलींना शिकवत असे. आपांबरोबर मी स्वतः किती वेळा ताजबागेत गेले आहे. डोक्यावर पदर घ्यायचा, चपला बाहेर काढायच्या, आत जायचं. कधी हात जुळले, कधी नाही जुळले. कधी नुसती भिंतीशी बसून राहिले. आपांनी एकदाही विचारलं नाही की तू आत दुआ मागितलीस की नाही. मी हे बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग पेपरात असं का लिहिलं?” तो प्रश्न मी तुमच्याकडे पाठवते आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पोप लिओ तिथे दोन क्षण थांबले असते, तर मला आवडलं असतं. हे मी आमच्या फादरांनाही सांगितलं आहे. तरी न थांबणं म्हणजे तोंड फिरवणं नव्हे, आणि तुमच्या मथळ्यानं तोंड फिरवलं असंच सांगितलं.

दुसरी तक्रार याहून मोठी आहे आणि ती न छापलेल्या गोष्टींची आहे.

दौऱ्याच्या शेवटच्या दिवशी, मंगळवारी 2 डिसेंबरला, पोपनी सकाळ सुरू केली ती एका मनोरुग्णालयात. बैरूतजवळ जल अद-दीब इथे क्रूसाचं रुग्णालय आहे. याकूब हद्दाद नावाच्या, कापुचिन या संन्यासी संघातल्या फादरनी ते उभं केलं. ज्यांना घरात आणि गावात जागा उरली नाही अशांसाठी त्यांनी आयुष्य वेचलं, आणि 2008 मध्ये त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केलं गेलं. त्यांनीच स्थापन केलेल्या संघाच्या सिस्टर्स, म्हणजे संन्यस्त भगिनी, आजही ते चालवतात. पोप तिथल्या रुग्णांना भेटले, सिस्टर्स, डॉक्टर आणि परिचारिकांशी बोलले. सुखवस्तूपणाच्या खोट्या कल्पनांमागे धावत सुटलेला आणि आपल्यातल्या दुबळ्यांकडे पाठ फिरवणारा समाज आपल्याला चालणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले.

मी हे आमच्या एका सिस्टरच्या फोनवर पाहिलं आणि रडले. का रडले ते तुम्हाला कळावं म्हणून थोडं सांगते. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि आमचं नागपूर. आमच्याकडे अशी माणसं होती ज्यांचा आजार कधीच आटोक्यात आला होता, पण घरच्यांनी दिलेला पत्ता खोटा निघाला म्हणून ती तिथेच म्हातारी झाली. एक बाई रोज दुपारी चारच्या सुमारास वेणी घालून खाटेच्या कडेला बसायची आणि मला विचारायची, “सिस्टर, मला न्यायला कोणी आलं का?” मी 11 वर्षं तिला ‘उद्या येतील’ असं सांगितलं. हे खोटं मी फादरांपुढे पापनिवेदनात कबूल केलं आहे. त्या बाईला भेटायला कधी कोणी मोठं माणूस आलं नाही. माझ्या आठवणीत आमच्या वॉर्डाची बातमी पेपरात यायची ती कुणी पळून गेलं तर.

म्हणून 2 डिसेंबरला, जगातले कॅमेरे ज्याच्या मागे धावतात असा एक माणूस सकाळी उठून मनोरुग्णांकडे गेला, हे मला मराठीत छापलेलं हवं होतं. मला ते कात्रण कापून आमच्या जुन्या वॉर्डात नेऊन द्यायचं होतं. तिथे आज काम करणाऱ्या मुली कॅथलिक नाहीत. त्यांना कॅथलिक असण्याची गरजही नाही. बुधवारी मी तीन पेपर विकत घेतले. तिन्हींत ही बातमी नव्हती.

त्याच सकाळी पोप बैरूतच्या बंदरावर गेले होते. 4 ऑगस्ट 2020 ला तिथे अमोनियम नायट्रेटच्या साठ्याचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक लोक मेले. मेलेल्यांच्या आईबापांना अजून न्याय मिळालेला नाही. ते आपल्या माणसांचे फोटो छातीशी धरून उभे होते. पोपनी दिवा लावला, मौन प्रार्थना केली आणि एकेकाला भेटले. मौन इथेही होतं. त्यानंतर समुद्रकिनाऱ्यावरच्या मिस्सेला सुमारे दीड लाख लोक आले. बैरूतच्या दक्षिण भागावर इस्रायलचा हवाई हल्ला होऊन तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते. आदल्या दिवशी पोप अन्नायाला संत शार्बेल यांच्या कबरीपाशी गेले होते. तिथे ख्रिस्ती जातात तसे मुसलमान आणि द्रूझ पंथाचे लोकही जातात. आमच्या ताजबागेसारखंच. नागपूरच्या वाचकाला हे एका वाक्यात कळलं असतं. त्याच दुपारी बैरूतच्या शहीद चौकात वेगवेगळ्या धर्मांच्या प्रमुखांबरोबर त्यांनी ऑलिव्हचं रोप लावलं. यातलं आम्हाला मराठीत काय मिळालं? विमानात पत्रकारांनी पोपना बेसबॉलची जुनी बॅट भेट दिली, ते मिळालं.

हे या वेळचंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. 2024 च्या सप्टेंबरात पोप फ्रान्सिस वयाच्या 87 व्या वर्षी, चाकांच्या खुर्चीतून, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, पूर्व तिमोर आणि सिंगापूर असे चार देश फिरले. जाकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीत त्यांनी मुख्य इमामांबरोबर संयुक्त घोषणापत्रावर सही केली. पूर्व तिमोरमध्ये त्यांच्या मिस्सेला अंदाजे सहा लाख माणसं आली, म्हणजे देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या. माझ्या वाचनात मात्र आलं ते परतीच्या विमानातलं अमेरिकी निवडणुकीबद्दलचं वाक्य.

तिसरी गोष्ट शब्दांची आणि फोटोंची आहे. बातमी पोप लिओंची आणि फोटो पोप फ्रान्सिस यांचा, हे या आठवड्यात माझ्या डोळ्यांनी पाहिलं. फ्रान्सिस 21 एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, गेले. आम्ही त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण केल्या. घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो लग्नपत्रिकेत छापावा तसं वाटलं. सदरला दोन कॅथेड्रल आहेत. संत फ्रान्सिस डी सेल्स यांचं कॅथलिकांचं आणि ऑल सेंट्स हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे प्रोटेस्टंट बांधवांचं. पोप त्यांचे प्रमुख नाहीत. तरी पोपची बातमी आली की फोटो त्यांच्या चर्चचा आणि त्यांचा कार्यक्रम असला की आमच्या बिशपांचं नाव, असं होत आलं आहे. मिस्सेला ‘आरती’ आणि फादरना ‘चर्चचे पुजारी’ म्हटलेलंही वाचलं आहे. मिस्सा, धर्मगुरू, आगमनकाळ हे सगळे मराठीतच रुळलेले शब्द आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आमचं मराठी काही परकं नाही.

चौथी गोष्ट. एवढ्या सगळ्यात एकाही वार्ताहरानं आमच्यापैकी कुणाला फोन केला नाही. अधिवेशनाच्या दिवसांत तुमची माणसं विधानभवनातच अडकलेली असतात हे कळतं. पण विधानभवनापासून सदर किती लांब आहे? महाराष्ट्रात आम्ही ख्रिस्ती 2011 च्या जनगणनेप्रमाणे एक टक्क्याहूनही कमी आहोत. म्हणून तर आमच्याबद्दल जे छापून येतं तेच शेजाऱ्याला खरं वाटतं. त्याच्या ओळखीचं दुसरं कॅथलिक घर नसतं.

आमचं कौतुकच छापा असं मी म्हणत नाही. 2022 च्या जुलैत पोप फ्रान्सिस कॅनडाला गेले आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांवर निवासी शाळांमध्ये झालेल्या अत्याचारांबद्दल, त्यात ख्रिस्ती लोकांनी केलेल्या पापाबद्दल, त्यांनी क्षमा मागितली. ते ठळक छापायला हवं होतं, पिसांचा टोप घातलेल्या फोटोपुरतं नव्हे. लहान मुलांवर हात टाकणारे आणि ते झाकणारे आमच्यात निघाले, तेही छापा, पुन्हा पुन्हा छापा. आम्हाला त्यानं शरम वाटते आणि वाटायलाच हवी. मला राग आहे तो अर्धवटपणाचा.

माझ्याकडे एक कात्रण आहे. 1964 च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईला आले तेव्हा माझे बाबा रेल्वेच्या पासावर गेले होते. रात्रभर गाडीत उभं राहून गेले आणि ओव्हल मैदानावरच्या गर्दीत टाचा उंचावून त्यांना पाहून आले. परतताना एक मराठी दैनिक घेऊन आले. त्यात पहिल्या पानावर आहे की पोपनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना उपनिषदातली ‘असतो मा सद्गमय’ ही प्रार्थना उद्धृत केली. कागद पिवळा पडला आहे, घडीवर फाटला आहे. तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला बाबा दाखवत. शेजारचे जोशीकाका तो मोठ्यानं वाचून दाखवत आणि बाबा ऐकत बसत. त्या वार्ताहराला कॅथलिक धर्म किती कळत होता कोण जाणे, पण तो तिथे उभा राहून ऐकत होता आणि ऐकलेलं त्यानं लिहिलं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ज्यांनी ‘नकार दिला’ असं छापलं, त्यांनी त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, मशिदीत काय घडलं ते पूर्ण छापावं. कोपऱ्यातला दोन ओळींचा खुलासा नको.

पोप लिओंच्या बातमीत छापलेल्या फोटोची चूक कबूल करावी.

कॅथलिकांविषयीची बातमी, ती कितीही दूरच्या देशातली असो, छापण्याआधी नागपुरातल्या एका तरी कॅथलिक माणसाला विचारावं. आर्चबिशप हाऊस सदरलाच आहे. मोठ्या माणसांना वेळ नसेल तर आम्ही साधी माणसं आहोत.

आणि जल अद-दीबच्या रुग्णालयाची बातमी आता तरी छापावी. ती शिळी झाली असं म्हणू नका. तिच्याबरोबर आपल्या मनोरुग्णालयात एक वार्ताहर पाठवावा. पळून गेलेल्या माणसाची बातमी आणायला नाही, तर वर्षानुवर्षं कुणी न्यायला न आलेल्यांना भेटायला. परवानगी मिळते, ती कशी घ्यायची ते मी सांगेन.

मी रोज सकाळच्या मिस्सेनंतर कॅथेड्रलच्या फाटकाशी असते, आपांना फोन करत. नाताळच्या आधी कुणाला तरी पाठवा. कात्रण पिशवीतच असतं.

आपली,
सदर धर्मग्रामातील एक निवृत्त परिचारिका
नागपूर, डिसेंबर 2025